रानबोली

कोमेने ओठ दातांखाली घट्ट धरले होते. पापुआ न्यू गिनीतल्या या उंच डोंगरावर रानकेवड्याच्या बिया वेचायला यायचं, तर गावबोली खाली गावातच ठेवून यायची. वर फक्त रानबोली. गावबोलीतला एक शब्द जरी उमटला, तरी डोंगर जागा होतो आणि माणसं गिळतो. रानबोली आता एकट्या आत्याला येत होती. "शहरात शिकलीस ना? मग वर मुकी हो," निघताना ती हसून म्हणाली होती.

आणि कुणी काही न बोलताच धुकं आलं. शेजारची आत्या दिसेनाशी झाली. कुठूनतरी तिची हाक आली, रानबोलीतली. ये म्हणतेय की थांब म्हणतेय? कोमेने चाचपत एक पाऊल टाकलं. पायाखालचा दगड निसटला, आणि तो पडल्याचा आवाज काही केल्या येईना.

"आत्ये, येऊ की थांबू?" तोंडून गावबोलीच निघाली. सारं रान चिडीचूप झालं.

आत्याने जन्मात हा नेम मोडला नव्हता. तरी तिचा आवाज गावबोलीतच आला. "थांब गं बाई. पुढे कडा आहे."

कोमे मटकन खाली बसली.

"आता डोंगराने ऐकलंच आहे," धुक्यातून आत्या म्हणाली, "तर बोलत राहा. तुझ्या आवाजाच्या रोखाने येते."

कुणीतरी कान देऊन बसलंय असं कोमेला वाटलं. मग ती हळूच म्हणाली, "'थांब'ला रानबोलीत काय म्हणतात, तेवढं सांगत ये."