आईशेजारची जागा

चिटणीसांनी नियमांची वही उघडली, टेबलावर उलटी फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"कलम चार. तुम्हाला काय वाचून दाखवायचं?"

समोरच्या खुर्चीत म्हातारे कोशकार बसले होते. चाळीस वर्षं शब्दांचे अर्थ लावण्यात गेली होती त्यांची. शेजारी त्यांची सून. तिचं तोंड त्यांनी आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं, दारात उभी राहून ती म्हणाली, "तुमचा मुलगा गेला," आणि मग, "मी त्याची बायको." तो परधर्मातली मुलगी करून घराबाहेर पडला त्याला सात वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत बापलेकांत एक शब्द नाही. आता तो बाहेर शववाहिनीत होता.

"आईशेजारी ठेवा म्हणाला होता," सून म्हणाली. "बाकी काही मागितलं नाही त्यानं."

खिडकीतून समाजाची दफनभूमी दिसत होती. भिंतीलगतच्या रांगेत कोशकारांची बायको होती. तिच्या शेजारचा तुकडा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. त्यावर गवत माजलं होतं.

"माझी जागा त्याला द्या," कोशकार म्हणाले. "मी लिहून देतो. माझं काय, मला कुठंही टाका."

"जागेचा प्रश्नच नाही हो. माणूस आपल्यातला आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे." चिटणीसांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मला काय हौस आहे? माझ्या डोळ्यांसमोर वाढलेलं पोर. पण गेल्या वर्षी त्या सुताराची मुलगी गेली, तीही बाहेर लग्न केलेली, तिला आपण फाटकातून परत पाठवलं. सुतार याच खुर्चीत बसला होता. पायच धरायचे बाकी ठेवले होते त्यानं. तेव्हा त्याला समजावायला मी कोणाला बोलावलं होतं?"

सुताराच्या खांद्यावर हात ठेवून आपण काय काय बोललो होतो, ते कोशकारांना शब्दन् शब्द आठवत होतं. सुतार शेवटी म्हणाला होता, "तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असेल."

त्यांनी वही जवळ ओढली. 'आपल्या धर्मात जो जन्मला, आपल्या धर्मातच ज्याने विवाह केला आणि आपला धर्म ज्याने अखेरपर्यंत अखंड पाळला, तोच आपल्या धर्माचा.'

बारा वर्षांपूर्वी समाजाचे नियम नव्यानं लिहायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं होतं, व्याख्या कोशकारांनीच करावी. पहिल्या मसुद्यात 'आणि'च्या जागी 'अथवा' होतं. ते यांनीच खोडलं. 'अथवा' ठेवलंत तर कुणीही आत शिरेल, म्हणाले होते. नुसतं 'तो' पुरे, असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा त्या एका 'च'साठी हे तासभर भांडले होते. चोख काम झालं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता ते त्या वाक्यात फट शोधत होते. 'अखंड'चा अर्थ जरा सैल करता येईल का? 'पाळणे'चे कोशात नऊ अर्थ दिले होते. त्यातला एखादा तरी पोराच्या बाजूनं उभा राहील का? बोट एकेका शब्दावरून सरकत गेलं आणि 'च'वर येऊन थांबलं. सुई शिरायला जागा नव्हती.

"तुमच्याकडच्यांनी काय सांगितलं?" चिटणीसांनी सुनेला विचारलं.

"तो त्यांच्यातला नाही म्हणाले. त्यांच्याकडेही वही आहे." मग तिनं टेबलावरच्या पानाकडे पाहिलं. "हे कोणी लिहिलंय?"

चिटणीस खिडकीबाहेर बघायला लागले.

"मी," कोशकार म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ती काहीतरी बोलेल, निदान एक शिवी तरी देईल, अशी त्यांना आशा वाटली. तिनं पायाशी ठेवलेली पिशवी उचलली.

"सार्वजनिक दफनभूमीत काही विचारत नाहीत," ती उठत म्हणाली. "पाचच्या आत पोचायला हवं फक्त."

ती दारापर्यंत गेली तेव्हा कोशकार टेबलाचा आधार घेऊन उभे राहिले.

"मी आलो तर चालेल?"

"तुम्ही वडील ना त्याचे?" ती वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मग विचारताय काय?"

शववाहिनीत मागे दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या होत्या, मध्ये तो. ती पायांपाशी बसली, कोशकार डोक्यापाशी. चादरीतून केस थोडे बाहेर आले होते. कानामागे पांढरे झालेले. पोराचे केस कधी पिकायला लागले, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

गाडी वळली तसं स्ट्रेचर सरकलं. तिनं दोन्ही हातांनी त्याचे पाय धरले.

"तिकडून धरा," ती म्हणाली. "घट्ट धरा. पुढचा रस्ता खराब आहे."