शेंदरी भाग

विज्ञान प्रदर्शनासाठी खुशबूनं धानाच्या बांधीतल्या चिखलाचा मेंदू केला. विचाराचा भाग पिवळा, तोल सांभाळणारा हिरवा रंगवला. भीतीच्या भागाशी येता येता लाल रंगच संपला, म्हणून तिनं देव्हाऱ्यातला शेंदूर फासला आणि मेंदू वाळायला कडुनिंबाखाली ठेवला. शाळेत न्यायला आली, तर समोर उदबत्ती पेटलेली, नारळ फुटलेला, अन् शेजारची चंद्रभागाबाई हात जोडून उभी! “आजी, हा देव नोहोय, मेंदू होय!” खुशबू ओरडली. तिनं एकेक भाग समजावला. “अन् हा शेंदरी?” “भेवाचा. विचार कराच्या आंधी हाच धावते.” “शिकलेली पोट्टी होय, तिले जास्त समजते,” म्हणत चंद्रभागाबाईनं उदबत्ती विझवली. खुशबू ऐटीत मेंदू उचलायला गेली, तोच त्याला तिचा पाय लागला. तसा हात झटकन मेंदूला लागून कपाळाला गेला. चंद्रभागाबाईनं उदबत्ती पुन्हा पेटवली.