लेखी हमी

बंड फसल्यावर स्कॉटलंड सोडून फ्रान्समध्ये दिवस काढणाऱ्या टॉर्किल मॅकइव्हर या म्हाताऱ्या कुळप्रमुखाकडे सतरा वर्षांनी एक इंग्रज अधिकारी माफीचा कागद घेऊन आला.

"घर परत, जमीन परत. फक्त राजाविरुद्ध पुन्हा तलवार उचलणार नाही, एवढं लिहून द्या, सरदारसाहेब."

"नाही देत! जा, सांग तुझ्या राजाला."

अधिकारी तणतणत निघून गेला. मोरॅगनं डोळे पुसले आणि नवऱ्याला ओटची पेज भरवायला घेतली.

"अहो, तुमच्या हातात चमचा ठरत नाही. तलवार कसली उचलताय? लिहून दिलं असतं, तर निदान आपल्या मातीत मेलो असतो."

"हे तुला ठाऊक गं, त्यांना कुठंय? सतरा वर्षं झाली, अजून मला टरकतात. मी मरेपर्यंत टरकू देत."