पॅरिसचा सॅक्सोफोन आणि हीराबाईचं पारणं

मोबाइल पुन्हा थरथरला. पॅरिसच्या जुन्या सेल्मर सॅक्सोफोनवर कुणीतरी अभयकुमारच्या वर बोली चढवली होती. लिलाव आता संपतच आला होता, आणि समोर खाटेवर त्याची बायको हीराबाई डोळे मिटून पडली होती.

तिची अठ्ठाई केव्हाच पुरी झाली होती. आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढले, वाजतगाजत मिरवणूक निघाली, पारण्याला अख्ख्या जळगावातले सगेसोयरे जमले, आणि बाईने मुगाच्या पाण्याची वाटी हाताने बाजूला सारली.

"माझा अभिग्रह आहे," एवढंच म्हणाली.

झालं. अभिग्रह म्हणजे मनातल्या मनात धरलेली अट. ती घडली तरच उपास सोडायचा, नाहीतर पुढे चालू. आणि अट कुणाला सांगायची नाही. सांगितली की व्रत मोडलं. घरच्यांनी नुसता अंदाज बांधत बसायचं. सून जिनलने माहेरची साडी नेसून पाहिली, नणंदेने केळीच्या पानावर वाटी ठेवून पाहिली. हीराबाई मान हलवायची आणि कूस बदलायची. आता तर कूस बदलायचंही त्राण नव्हतं.

"आज पोटात काही गेलंच पाहिजे," सकाळी डॉक्टर स्पष्ट बोलून गेले होते. "उद्याची मी खात्री देत नाही."

आणि सूर्य बुडाला की पाणीसुद्धा बंद.

अभयकुमारला मात्र अट ठाऊक होती. निदान त्याला तसं वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्याची डाळ मिल होती, आणि खूळ सॅक्सोफोनचं. धुळ्याच्या बँडमधल्या चिंधाकडे तो एका हिवाळ्यात हौसेने शिकला होता. दोन-चार गाणी बऱ्यापैकी बसली होती. हीराबाई पापड लाटता लाटता थांबून ऐकायची. मग कुणीतरी त्याला मोबाइलवर परदेशातले लिलाव दाखवले. फ्रान्सची जुनी वाद्यं, मधाच्या रंगाची, गळ्याजवळ फुलंपानं कोरलेली. एक आला, त्याच्यामागे दुसरा आला, आणि माणूस कामातून गेला. तोंडाची वाफ लागली की जुना मुलामा उडतो असं वाचल्यापासून तर त्यांना ओठ लावणंही बंद झालं. काचेच्या कपाटात मखमलीवर सगळे झोपलेले. तो रोज मऊ फडक्याने पुसायचा.

"या घरात माणसापेक्षा यांची बडदास्त मोठी," हीराबाई म्हणाली होती, अठ्ठाईला बसायच्या आदल्याच दिवशी.

ते वाक्य आता त्याचं काळीज कुरतडत होतं.

मोबाइल थरथरला. शेवटची संधी, असं पडद्यावर आलं. असा सेल्मर आयुष्यात पुन्हा दिसणार नव्हता. अंगठा बटणावर गेला. त्याने हीराबाईच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं, आणि अंगठा मागे घेतला. लिलाव संपला. सेल्मर दुसऱ्याचा झाला.

त्याने वाटी उचलली. "हीरा, मी नाही घेतला तो. सोडून दिला. आता तरी घे."

तिने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

एक सोडून भागणार नव्हतं तर. अट सगळेच सॅक्सोफोन सोडायची असणार. तो बाहेर आला आणि त्याने धुळ्याला फोन लावला.

"चिंधाभाऊ, टेम्पो घेऊन ये. आत्ताच्या आत्ता नीघ."

चिंधा पोचला तेव्हा उन्हं कलली होती. शेठने कपाटाची दारं सताड उघडली. एकेक पेटी खाली जाताना त्याचे डोळे भरून येत होते, पण तो थांबला नाही. शेवटची पेटी त्याने स्वतः उचलून दिली.

चिंधा बावचळून गेला होता. "शेठ, हाई बठ्ठं माले? फुकट? माले ते सपनच वाटस."

"सगळं तुझंच. परत आणू नकोस, मी मागितलं तरी आणू नकोस."

"एक वाजाडीसन देखू का?"

"वाजव बाबा. मला आता काय त्याचं."

चिंधाने टेम्पोत बसूनच एक वाद्य जुळवलं आणि फुंकलं. कितीतरी वर्षांनी त्या गल्लीत सॅक्सोफोन घुमला. लग्नातलं जुनं गाणं, तेच जे त्याने शेठला पहिल्यांदा शिकवलं होतं. शेजारणी गॅलरीत आल्या.

तेवढ्यात जिन्यावरून जिनल धावत आली. तिला धाप लागली होती.

"पप्पाजी, मम्मीजी उठून बसल्या. हसतायत. वाटी मागितली त्यांनी."

अभयकुमारने डोळे मिटून हात जोडले. बरोबर ओळखलं होतं आपण. सगळे गेले, आणि बाई वाचली. हा सौदा त्याला स्वस्तच वाटला. "नीघ, चिंधाभाऊ," तो म्हणाला. "लवकर नीघ. धुळं गाठ."

टेम्पो सुरू झाला. चिंधा हुरळला होता, वाजवायचा थांबेना. अभयकुमार एकेक पायरी गाळत वर गेला.

हीराबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर नव्या नवरीचं हसू, वाटी ओठांपाशी. त्याला दारात बघून ती थबकली. तिने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. सूर गल्लीच्या टोकाशी वळून हायवेकडे निघाले होते.

तिने वाटी हळूच खाली ठेवली.

"तुम्ही इथे," ती म्हणाली, "मग वाजवतंय कोण?"