साध्या हवेची खोली

काचेच्या दोन्ही खोल्यांतला गहू मुद्दाम तहानलेला ठेवला होता. एकीत साधी हवा, दुसरीत जास्तीचा कार्बन डायऑक्साइड. दुष्काळात गव्हाला त्याचा आधार मिळतो का, हे पाहायचे होते. पण साध्या हवेच्या खोलीतलाही कार्बन डायऑक्साइड रोज दुपारी चढत होता. यंत्रे तपासून थकलेली संशोधिका स्वतःच आत डोकावली. कुंड्यांशेजारी म्हातारे माळीकाका जेवणाचा डबा उघडून बसले होते, पिवळ्या पात्यांशी बोलत. “पाणी द्यायचं नाही म्हणालात ना, मॅडम? म्हटलं, निदान दोन शब्द तरी. हा गहू घरच्यांसारखा मध्येच उठून जात नाही.” त्यांच्या श्वासांनी अख्खा हंगाम मातीमोल केला होता. रागवायचेही त्राण तिच्यात उरले नव्हते. “काका, पुढच्या पेरणीला शेजारच्या खोलीत बसा. तिथे श्वास चालतो. तिथलाही तहानलेलाच असतो.” आता काही वाचणार नव्हते, तरी आलेला उसासा तिने दाराबाहेर येईपर्यंत कोंडून धरला.