बोलण्यात गुंतवायचं काम

"तू फक्त त्याला उठू देऊ नकोस," फाटक ढकलताना बायको म्हणाली.

"आजवर उठलाय का कोणी?" नवरा म्हणाला.

खरंच कोणी उठलं नव्हतं. मार खाणाऱ्या बायकांना, त्यांच्या पोराबाळांना घरातून सुखरूप बाहेर काढायचं, हे बायकोचं काम. पगार नाही, सुट्टी नाही. सासू म्हणायची, लष्कराच्या भाकऱ्या. नवरा मात्र दर वेळी सोबत यायचा. बायकोला एकटीला त्याने कधी कुठे पाठवलं नाही. लोक म्हणत, नवरा असावा तर असा. लोकांना म्हणायला काय जातं!

पद्धत ठरलेली होती. चहाला मदत करते म्हणत बायको आत शिरायची. नवरा बाहेरच्या खोलीत त्या मारकुट्याला बोलण्यात गुंतवायचा. मागच्या दाराची कडी वाजली की मोठ्याने हसायचं, म्हणजे आवाज दबतो. बाई आणि पोरं मागच्या गल्लीत बायकोच्या महिला संस्थेच्या गाडीत बसली की बायको फोनवर एकच रिंग द्यायची. मग याने उठायचं. "निघतो मी, चहा पुन्हा कधीतरी."

आज लेकही सोबत होती. एरवी तिला सांभाळणारी शेजारीण गावाला गेलीय म्हणे. रविवार असून पोरीच्या पाठीवर दप्तर.

"दप्तर कशाला गं?"

पोरीने आईकडे पाहिलं.

"गृहपाठ राहिलाय तिचा," आई म्हणाली. उकाड्यातही तिने मनगटापर्यंत बाह्या ओढल्या आणि दार वाजवलं.

दार धिप्पाड माणसाने उघडलं. ट्रक चालवतो, स्वतःच्या बायकोचा हात मोडलाय त्याने, असं बायकोने वाटेत सांगितलं होतं.

"वहिनी आत आहेत ना? चहाला मदत करते," म्हणत बायको लेकीला घेऊन आत गेली.

"बसा पाहुणे." ट्रकवाल्याने पंखा लावायला बटण दाबलं. दिवा लागला. दुसरं दाबलं, काहीच नाही. तिसऱ्याला पंखा फिरला.

मठ्ठ आहे, नवऱ्याने मनात म्हटलं. सोपं जाईल.

त्याचं एक तंत्र होतं. मारकुट्याला त्याच्यावर झालेला अन्याय विचारायचा. दुसऱ्याचं हाड मोडणाऱ्याला स्वतःचं नख दुखलेलं तासभर सांगता येतं.

पण आज ट्रकवालाच आधी बोलला. "कामावर मान देतात का हो तुम्हाला?"

"कसला मान? गाढवासारखं राबायचं. बढती साहेबाच्या भाच्याला."

"अरेरे. आणि घरी?"

"घरी कोण असतं? बाईसाहेब जगाचे संसार सावरतात. आमच्या आमटीत मीठ आहे की नाही, बघायला वेळ नाही."

"मग ठेवून देत नाही एखादी?"

नवऱ्याने पाय पसरले, आवाज खाली आणला. "देतो की. हात दुखेपर्यंत."

हे वाक्य तो प्रत्येक घरात टाकायचा. समोरच्याला वाटायचं, हा आपल्यातलाच. मग तो मोकळा व्हायचा. आत बायकोलाही ते ऐकू जात असे. तिने कधी तक्रार केली नव्हती.

ट्रकवाला मोकळा झाला नाही. खुर्ची जवळ ओढून बसला. मग म्हणाला, "फार अन्याय झालाय हो तुमच्यावर. सांगा ना, अगदी पहिल्यापासून सांगा."

नवरा सांगू लागला. हुंडा नाही, सासऱ्याने विचारपूस नाही, पोरगा हवा होता तर पोरगी झाली. कोणी इतकं मन लावून ऐकलंच नव्हतं आजवर.

आत मागच्या दाराची कडी वाजली.

नवरा सवयीने मोठ्याने हसला. ट्रकवाला त्याच्याहून मोठ्याने हसला.

चला, सुटली बिचारी, नवऱ्याने मनात म्हटलं. गल्लीत गाडी सुरू झाली. आता रिंग.

रिंग वाजली. एकदाच. थांबली.

नवऱ्याने खिशातून फोन काढला. पडदा काळा होता.

ट्रकवाल्याने आपल्या शर्टाच्या खिशातला फोन पाहिला, परत ठेवला. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. तो उठला, दारापाशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"निघतो मी," तो म्हणाला. "चहा पुन्हा कधीतरी."