पेटीचं वजन

"हे काय, खेळणं आणलंत?" टॅबलेट तळहातावर तोलत ताई म्हणाली, आणि साहेबांचा चेहरा पडला.

"खेळणं नाही हो! हा कीबोर्ड चिकटवा, झाला लॅपटॉप. काढा, झाला टॅबलेट. आठवडाभर वापरून बघा. तुम्ही हो म्हणालात तर फिरतीवरच्या सगळ्यांना हेच देऊ. नाही म्हणालात तर आहेत ते लॅपटॉप आणखी काही वर्षं ओढू. शुक्रवारी सांगा."

फरशा विकणाऱ्या त्या कंपनीत फिरतीवरची सगळ्यात जुनी ताईच. तिच्या शब्दाबाहेर साहेबसुद्धा जात नसत. शेजारच्या टेबलावर चिमणी मानेला मलम चोळत बसली होती. अंगापिंडानं ताईएवढीच, पण तोंड दिवसभर चालू, म्हणून चिमणी. तिनं हातच जोडले.

"ताई, हो म्हणा हो! तो लॅपटॉप, तो चार्जर, ते जाडजूड कॅटलॉग. माझी मान कामातून गेली."

"एवढ्याशा वजनानं? अगं, माझे बाबा..."

"खऱ्या फरशा घेऊन फिरायचे!" ऑफिसनं एका सुरात वाक्य पुरं केलं. ताईही हसली.

खरंच फिरायचे. नमुन्याच्या फरशांनी भरलेली लाकडी पेटी, तिला रुंद चामडी पट्टा, आणि तो कायम उजव्या खांद्यावर. संध्याकाळी ते दारात दिसले की लहानगी ताई धावत जायची आणि दोन्ही हातांनी पेटी उचलायला बघायची. पेटी कसली हलतेय!

"आज वजन किती?" बाबा विचारायचे.

"हत्तीएवढं!"

मग ते असे काही हसायचे की दिवसभराची पायपीट कुठल्या कुठे जायची. आतून शिवणयंत्राची खडखड थांबायची आणि आई म्हणायची, "पुरे झालं कौतुक. हातपाय धुवा." बाबा गेले, पेटीही गेली. त्या पट्ट्याचा घामट, चामडी वास मात्र ताईच्या नाकात अजून होता. रोज सकाळी जड बॅग उजव्या खांद्याला अडकवली की तिला वाटायचं, चला, बाबा आहेत बरोबर.

आठवडाभर तिनं टॅबलेटमध्ये खोट शोधली. मेली सापडेना. गिऱ्हाइकाच्या न्हाणीघराचा फोटो काढावा, त्यावर बोटानं फरशी सरकवावी, की तिथल्या तिथे पसंती. मोठं पत्र लिहायचं तर कीबोर्ड चिकटवला की काम फत्ते. चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरून उरायचं. पण घराबाहेर पडताना खांदा रिकामा वाटायचा. काहीतरी विसरलं म्हणून ती दोनदा जिन्यातून परत फिरली होती. नकोच ते, तिनं ठरवून टाकलं. मेहनतीला वजन असावं.

शुक्रवारी ती नकार सांगायला साहेबांच्या केबिनकडे निघाली, तोच मागून किंकाळी आली. चिमणीनं अख्खा कप चहा अंगावर घेतला होता.

"आता गिऱ्हाइकाकडे कशी जाऊ?"

"रडू नकोस. माझ्या खणात धुतलेला शर्ट आहे, तो घाल. आपलं माप एकच."

चिमणी शर्ट बदलून आली ती खांदा ओढतच. डावीकडे ठीक होतं. उजवीकडे कापड दंडावर उतरत होतं आणि कॉलर मानेपासून लांब पळत होती. तिनं वर ओढलं, पुन्हा घसरलं.

"ताई, तुमच्या शिंप्यानं वाट लावलीय हो. एक खांदा चांगला बोटभर खाली शिवलाय."

"काहीतरीच काय! माझी आई शिवते. आजवर तिचा एक टाका वाकडा गेलेला नाही."

बोलता बोलता ताईची नजर त्या घसरणाऱ्या खांद्यावर गेली. तिला काका आठवले. बाबा गेल्यावर आईनं त्यांचे शर्ट काकांना देऊ केले होते. काका आरशासमोर उभे राहून असाच उजवा खांदा वर ओढत होते. शेजाऱ्यांनी घालून पाहिले, मामानं पाहिले. बाबांचे शर्ट कुणालाच बसले नाहीत. लहानग्या ताईला तेव्हा त्याचा केवढा अभिमान वाटला होता! माझ्या बाबांचे शर्ट फक्त माझ्या बाबांनाच येतात.

तिनं खिडकीच्या काचेत स्वतःकडे पाहिलं. अंगावरचा शर्ट कसा झकास बसला होता. कुठे एक सुरकुती नव्हती. तिनं दोन्ही खांदे एका रेषेत आणून पाहिले, तर उजवीकडे कापड लगेच चुरगळलं.

"उद्या सांगते," एवढंच साहेबांना म्हणून ती घरी आली.

आई यंत्रावर काजाला टाके घालत होती. ताईनं विचारलं, "आई, माझा उजवा खांदा कधीपासून खाली शिवतेस?"

आईचा हात थांबला. "बरीच वर्षं झाली. आधी धाग्याएवढा फरक होता. मग वाढत गेला."

"मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बॅग खांद्याला लावलीस की तुझा चेहरा त्यांच्यासारखा फुलायचा. त्यांनाही कधी बोलले नाही. दोघांचंही व्यंग दिसू दिलं नाही, एवढंच माझ्या हातात होतं."

ताईचे डोळे भरून आले. तिनं पर्समधून टॅबलेट काढला आणि आईच्या हातावर ठेवला. आईनं तो उलटापालटा करून पाहिला.

"आज वजन किती?" ताईनं कसंबसं विचारलं.

"हे? काहीच नाही गं!" आईनं टॅबलेट मांडीवर ठेवला, गळ्यातली टेप काढली आणि डोळे पुसत म्हणाली, "मग ऊठ, नीट उभी राहा. जन्मात दोघांचेच कपडे वाकडे शिवले मी. त्यातल्या एकाचे तरी सरळ शिवायचे राहिलेत."